लॅपटॉपवरची साइट बाहेर दाखवायला कोणता टनेल घ्यावा? (जँगो, वेबहूक आणि मेसवाल्या काकू)

यवतेश्वर_घाट

नमस्कार मंडळी. साताऱ्यात राहतो, एकटाच काम करतो. सध्या कराडच्या एका मेसवाल्या काकूंसाठी डब्यांचा हिशेब ठेवणारी छोटी साइट बांधतोय. एकशे चाळीसेक पोरं आहेत, बहुतेक इंजिनिअरिंगची. महिन्याचे २,८०० रुपये. पोरगं गावी गेलं की डबा बंद आणि तेवढ्या दिवसांचे पैसे वजा. आजवर हे सगळं एका निळ्या वहीत चालतं, आणि ती वही फक्त काकूंनाच वाचता येते.

अडलंय ते असं. पैसे रेझरपेने (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) घ्यायचेत. पोराने पैसे भरले की त्यांच्याकडून माझ्या सर्व्हरला वेबहूक, म्हणजे 'पैसे आले' असा आपोआप निरोप, यायला हवी. सर्व्हर म्हणजे माझा लॅपटॉप, पोर्ट ८०००. डॅशबोर्डात लोकलहोस्ट (म्हणजे ज्याचं त्याचं स्वतःचंच मशीन) टाकून चालत नाही, आणि बरोबरच आहे, त्यांच्या लोकलहोस्टवर मी थोडाच बसलोय.

आधी राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग करून पाहिलं. शनिवारची अख्खी संध्याकाळ त्यात गेली. फायरवॉल बंद करून बघितली, राउटर तीनदा रीसेट केला, घरात सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. रात्री अकराला लक्षात आलं की राउटरच्या पानावर आयपी दिसतोय तो १००.७२ ने सुरू होतो, आणि बाहेरच्या साइटवर 'माझा आयपी काय' विचारलं तर तिसराच येतो. इंटरनेटवाल्याला फोन लावला. "स्टॅटिक आयपी घ्या साहेब, वेगळे पैसे पडतील."

मग एक फुकटातला टनेल (लॅपटॉपवरच्या साइटला बाहेरून उघडेल असा पत्ता देणारी सोय) घेतला. लिंक उघडली तर जँगोनेच (साइट ज्या फ्रेमवर्कवर बांधलीय त्यानेच) ४०० ची एरर फेकली. अलाउड होस्ट्समध्ये (साइट कुठल्या पत्त्यांवर उघडू द्यायची ती यादी) चांदणी, म्हणजे 'कुठलाही पत्ता', टाकली तेव्हा चाललं. लिंक काकूंना व्हॉट्सॲपवर पाठवली. काकूंना साइटच्या आधी इंग्रजीत सावधानतेच्या सूचनेचं पान दिसलं. त्यांनी फोन बंद केला आणि मुलाला विचारलं, बँकेतले पैसे गेले का रे.

तिसरा प्रकार मात्र निव्वळ माझा गाढवपणा. बुधवारी कराडला जाऊन प्रत्यक्ष दाखवायचं ठरलं होतं. एसटीत बसता बसता काकूंना मेसेज टाकला, "लिंक उघडून ठेवा, मी पोचतोच." लॅपटॉप पाठीवरच्या सॅकमध्ये, झाकण बंद. उंब्रज आलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

तर सांगा. एन्ग्रोक, क्लाउडफ्लेअर टनेल, टेलस्केल फनेल, लोकलटनेल, एफआरपी, कोणी म्हणतं नुसतं एसएसएचसुद्धा (दुसऱ्या मशीनला लांबून जोडून घ्यायची आज्ञा) पुरतं. यूट्यूबवर प्रत्येक जण आपलाच बाब्या दाखवतोय. मला महिन्याला दोनशेच्या वर खर्च परवडत नाही. आणि एक पोटप्रश्न: काम झाल्यावर मेसमध्येच एक जुना लॅपटॉप ठेवून टनेलवर कायमचं चालवलं तर?

कमांडलाइन_करंट

भावा, क्लाउडफ्लेअर्ड (क्लाउडफ्लेअरचा टनेल लावणारा प्रोग्राम) उतरव. टनेल म्हण, यूआरएल म्हण, पुढे तुझा लोकलहोस्ट ८०००. खातं नको, पैसे नको, सावधानतेचं पान नको. दहा सेकंदांत ट्रायक्लाउडफ्लेअरचा पत्ता हातात. विषय संपला.

निवृत्त_सिसॅडमिन

करंट, विषय तिथे सुरू होतो रे. तो पत्ता म्हणजे चार इंग्रजी शब्द एकमेकांना चिकटवलेले, आणि दर वेळी टनेल बंद करून लावला की चारही शब्द नवे. या मुलाला प्रत्येक वेळी रेझरपेच्या डॅशबोर्डात जाऊन पत्ता बदलावा लागेल. दोन दिवसांत कंटाळेल, तिसऱ्या दिवशी विसरेल आणि वेबहूक येत नाही म्हणून कोड उसवत बसेल. पाच मिनिटं मित्राला काही दाखवायचं असेल तर त्यासारखं दुसरं नाही, मीही वापरते.

यवतेश्वर, आधी शनिवारच्या संध्याकाळचं बघू, कारण त्यात तुमचा काही दोष नाही. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये मुद्दाम राखून ठेवले गेले, कंपन्यांनी आपल्या पोटातल्या पोटात वापरावेत म्हणून. सुमारे ४२ लाख पत्ते आहेत ते. याला सीजीनॅट म्हणतात. म्हणजे तुमच्या राउटरलाही खरा पत्ता मिळालेलाच नाही, तुमच्यासारखी अनेक घरं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसलीत. तुम्ही तुमच्या घराचं दार उघडलंत, पण सोसायटीचं फाटक दुसऱ्याच्या ताब्यात आहे. राउटर तीनशे वेळा रीसेट केला असता तरी काही झालं नसतं.

आता टनेल. तुमच्या वयाला आठवणार नाही, पण आमच्या लहानपणी वाड्यात एकाच घरी फोन असायचा. बाकी सगळे तोच नंबर द्यायचे आणि पुढे लिहायचे 'पी.पी.' लग्नपत्रिकेवरसुद्धा! फोन आला की त्या घरची पोरगी ओरडायची आणि आम्ही धावत जायचो. टनेल म्हणजे हा पी.पी. नंबर. फरक इतकाच की टनेलमध्ये तुमचा लॅपटॉप आधीच बाहेर जोडणी करून शेजाऱ्याकडे लाइन धरून बसलेला असतो. बाहेर जाणाऱ्या जोडणीला सीजीनॅट अडवत नाही. बाहेरून कोणी आलं की शेजारी त्याच धरलेल्या लाइनवरून विनंती आत ढकलतो. एन्ग्रोक घ्या नाहीतर एफआरपी, गाभा हाच.

म्हणून 'सगळ्यात चांगला कोणता' असं विचारू नका. शेजाऱ्याबद्दल विचारा. त्याचा नंबर बदलतो का? फोन करणाऱ्याला आधी 'कोण बोलतंय' म्हणून दटावतो का? आणि त्याला तुमचं बोलणं ऐकू येतं का? हे तिसरं कोणी विचारतच नाही.

तुमच्याकडे दोन पाहुणे आहेत, रेझरपेचं यंत्र आणि काकू. दोघांना एकच दार लावायचा हट्ट सोडा.

यंत्रासाठी एन्ग्रोक. सावधानतेचं पान त्यांच्याही फुकट योजनेत आहे, पण ते ब्राउझरने पान मागितलं तरच मध्ये येतं. वेबहूक पाठवणारं यंत्र ब्राउझर नसतं, ते सरळ आत येतं. खातं काढलं की एक पत्ता कायमचा तुमच्या नावावर मिळतो, तो डॅशबोर्डात एकदा टाकायचा आणि विसरायचं. फुकटात महिन्याला १ जीबी आणि २०,००० विनंत्या अशी मर्यादा आहे. तुमच्या चाचणीला त्यातला कोपराही लागणार नाही.

पण मी एन्ग्रोक सुचवतेय ते पत्त्यासाठी नाही, पोर्ट ४०४० साठी. टनेल चालू असताना आपल्याच मशीनवर लोकलहोस्ट ४०४० उघडा. आलेली प्रत्येक विनंती तिथे उलगडून दिसते, हेडर, मजकूर, तुमच्या कोडने काय उत्तर दिलं, सगळं. आणि तिथेच 'रीप्ले'चं बटण आहे. याची किंमत आत्ता कळणार नाही. वेबहूकचा कोड दहादा बदलावा लागतो, आणि दर वेळी नवं चाचणी पेमेंट करायचं म्हणजे जीव जातो. इथे एकदा आलेली विनंती पुन्हा पुन्हा स्वतःवर सोडता येते. माझ्या शेवटच्या नोकरीत एका पोराने तीन दिवसांचं काम एका दुपारी उरकलं होतं ते या बटणावर.

काकूंसाठी क्लाउडफ्लेअरचाच टनेल, पण नावाचा, करंट सांगतोय तो बिननावाचा नव्हे. पूर्वी तो आर्गो टनेल नावाने पैसे मोजून मिळायचा, २०२१ मध्ये फुकट केला. अट एकच, स्वतःचं डोमेन हवं आणि त्याचे नेमसर्व्हर क्लाउडफ्लेअरकडे वळवलेले हवेत. मेससाठी डोमेन घेणारच असाल ना? मग त्याचंच एक उपडोमेन 'चाचणी' म्हणून लावा. पत्ता कायम, पान आडवं येत नाही, काकूंना मेसचं नाव दिसेल. अनोळखी इंग्रजी शब्दांपेक्षा त्याने माणूस निर्धास्त होतो. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या नेटवरून लावणार असाल तर बाहेर जाणारा पोर्ट ७८४४ उघडा आहे ना बघा. आणि फुकट योजनेत एका विनंतीतून १०० एमबीच्या वरची फाइल चढत नाही, पण डब्याच्या हिशेबात एवढी फाइल कुठून येणार.

डोमेन अजून घेतलं नसेल तर टेलस्केल फनेल. पत्ता त्यांच्या डोमेनवर मिळतो आणि पाहुण्याला काही इन्स्टॉल करावं लागत नाही. बाहेरून फक्त ४४३, ८४४३ आणि १०००० हेच पोर्ट, पण आत तुमचा ८००० असू द्या, अडत नाही. एक गंमत सांभाळा: 'सर्व्ह' आणि 'फनेल' या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. सर्व्ह लावलं तर ते फक्त तुमच्या स्वतःच्या यंत्रांनाच दिसतं. मी अर्धा तास भावाला फोनवर "दिसतंय का आता?" विचारत होते आणि लावलं होतं सर्व्ह.

आता ऐकू येण्याचं. एन्ग्रोकच्या नेहमीच्या पद्धतीत आणि क्लाउडफ्लेअरमध्ये एचटीटीपीएसचं कुलूप त्यांच्याकडे उघडतं. तिथून तुमच्यापर्यंत पुन्हा कुलूपबंद येतं, पण मधल्या क्षणी मजकूर त्यांच्या यंत्रात उघडा असतो. फनेलमध्ये कुलूप तुमच्या लॅपटॉपवर उघडतं, शेजारी नुसता रिसीव्हर पुढे करतो. चाचणीच्या पेमेंटला याने काही बिघडत नाही. एकशे चाळीस पोरांचे खरे फोन नंबर त्यातून जाणार असतील तर विचार करा.

लोकलटनेल मी तरी काकूंना देणार नाही. तिथेही आधी एक पान येतं आणि ते पासवर्ड विचारतं, म्हणजे टनेल लावणाऱ्याचा सार्वजनिक आयपी. काकू वही घेऊन परत स्वयंपाकघरात जातील.

आणि ती चांदणी काढा. अलाउड होस्ट्समध्ये तुमचा नेमका पत्ता लिहा. फॉर्म पाठवताना सीएसआरएफची (फॉर्म परक्या साइटवरून तर आला नाही ना, ही जँगोची तपासणी) तक्रार आली तर ट्रस्टेड ओरिजिन्समध्ये तोच पत्ता टाका, पण सुरुवातीच्या एचटीटीपीएससकट. जँगो ४ पासून त्याशिवाय चालत नाही.

पोटप्रश्नाला रात्री उत्तर देते, आत्ता कुकर लावलाय.

रात्रपाळी

ताईंनी सगळं सांगितलंय, मी फक्त एसएसएचवाल्यांची बाजू मांडतो, कारण ती नेहमी राहून जाते.

कुठलातरी स्वस्तातला व्हीपीएस (भाड्याचा छोटा सर्व्हर) असेल तर तिसऱ्या कोणाचीच गरज नाही. लॅपटॉपवरून एसएसएच करताना मोठा आर द्यायचा, की तिकडचा पोर्ट इकडे येतो. डिफॉल्टला तो पोर्ट व्हीपीएसच्या लोकलहोस्टवरच उघडतो. लोक यावरून वैतागतात आणि गेटवे पोर्ट्स चालू करून टाकतात. नका करू, तेच आपल्या पथ्यावर आहे. पुढे कॅडी नावाचा वेब सर्व्हर बसवा. सर्टिफिकेट ते स्वतःच आणतं आणि विनंती आतल्या पोर्टवर सोडतं. यात कुलूप उघडतं तुमच्याच व्हीपीएसवर. पी.पी. नंबरही आपलाच, शेजारीही आपणच.

दुखणं एकच. नेट क्षणभर गेलं की लॅपटॉपला वाटतं जोडणी तुटली, व्हीपीएसला वाटतं अजून आहे. पुन्हा जोडायला जावं तर पोर्ट आधीच अडवलेला. म्हणून दोन्हीकडे 'जिवंत आहेस का' विचारणारी सेटिंग लावा, लॅपटॉपवर सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल, व्हीपीएसवर क्लायंट अलाइव्ह इंटरव्हल, ३० सेकंद. शिवाय ऑटोएसएसएच, तुटलं की आपोआप पुन्हा जोडणारं. हे सगळं एकाच फाइलीत मांडून हवं असेल तर एफआरपी, व्हीपीएसवर एफआरपीएस आणि घरी एफआरपीसी. पाच-सहा सेवा बाहेर काढायच्या असतील तर ते बरं. एका साइटसाठी म्हणजे एका पोळीसाठी गिरणी.

व्हीपीएस मात्र मुंबई किंवा बंगळूरचा घ्या. मी दीडशे रुपये वाचवायला जर्मनीतला घेतला होता. समोरच्या खोलीतला फोन माझ्या लॅपटॉपशी जर्मनीमार्गे बोलत होता, दर क्लिकला एक उसासा.

आता नवशिक्यांसाठी एक कबुली. मागे मित्राला एक पीडीएफ द्यायची होती. प्रोजेक्टच्या फोल्डरात उभा राहून पायथनचा साधा फाइल सर्व्हर लावला आणि टनेलने बाहेर काढला. ताज्या सर्टिफिकेटवरचं नाव सार्वजनिक नोंदीत जातं आणि ती नोंद वाचत बसलेले बॉट असतात, हे तेव्हा डोक्यातच नव्हतं. चहा घेऊन परत आलो तर लॉगमध्ये रांग. वर्डप्रेसचं लॉगिन मागतायत, गिटची कॉन्फिग मागतायत, आणि डॉट ईएनव्ही (पासवर्ड आणि किल्ल्या ठेवायची फाइल) मागितली तर माझ्या सर्व्हरने २०० म्हणून देऊनही टाकलेली. त्या रात्री डेटाबेसचा पासवर्ड, ईमेलची किल्ली, सगळं बदललं. मित्राने पीडीएफ उघडलीच नव्हती.

तेव्हा खऱ्या पोरांची यादी चाचणीच्या डेटाबेसात नको. आणि काम झालं की टनेल बंद.

यवतेश्वर_घाट

ताई, रात्रपाळी, मनापासून आभार. करंट, तुझेही, तुझ्यावाला लगेच चालला हे खरं.

एन्ग्रोक लावला. वेबहूक आली! पण सही (निरोप खरंच रेझरपेकडून आला याचा पुरावा) जुळत नाही. ४०४० मध्ये मजकूर दिसतोय, सहीचा हेडर दिसतोय, सीक्रेट तीनदा तपासलं, तरी माझा कोड म्हणतो खोटी सही. टनेल मजकुरात काही फेरफार करतो का?

रात्रपाळी

टनेलवर आळ घेऊ नकोस, तो नुसता हमाल आहे. जेसन उघडून, पुन्हा जेसन करून त्याची सही काढतोयस ना? मग मधल्या जागा बदलतात, आणि एक जागा बदलली तरी एचएमएसी (मजकूर आणि सीक्रेट मिळून काढलेली सही) भलताच येतो. रिक्वेस्टची मूळ बॉडी, आलेली बाइट्स, जशीच्या तशी घे. आणि सीक्रेट वेबहूकचं हवं, एपीआय कीचं नाही. दोन्ही वेगळी असतात.

निवृत्त_सिसॅडमिन

रात्रपाळीचं बरोबर आहे. दोन गोष्टी जोडते. उत्तर ५ सेकंदांच्या आत द्यायचंय, तेव्हा आधी नोंद करून २०० म्हणा आणि पावतीचा ईमेल वगैरे मागाहून पाठवा. आणि तीच वेबहूक दोनदा येऊ शकते, म्हणून हेडरमधला इव्हेंट आयडी साठवा. नाहीतर एका पोराचे दोन महिने भरलेले दिसतील आणि तो तुम्हाला मुळीच सांगणार नाही.

पोटप्रश्न. मेसमध्ये लॅपटॉप ठेवून कायमचं चालवायचं का? तंत्राच्या दृष्टीने चालतं. नावाचा टनेल सर्व्हिस म्हणून बसवता येतो, मशीन चालू झालं की आपोआप लागतो, आणि त्याच्या चार जोडण्या निदान दोन वेगळ्या डेटा सेंटरना असतात. टनेल पडणार नाही. पडेल ते बाकीचं. त्या स्वयंपाकघरात प्लगच्या जागा किती आहेत ते मोजलंत का? मिक्सर, पाण्याचा फिल्टर, पीठ मळायचं मशीन. सकाळी सहाला चटणी वाटायची असेल तेव्हा कोणीतरी तुमचा सर्व्हर उपसणार, आणि त्यांचं बरोबर असेल. वर दिवे जाणं, तेलाची वाफ, पाली. माझ्या नोकरीत सर्व्हर सगळ्यात जास्त वेळा कशाने पडला असेल तर झाडूवाल्या मावशींनी व्हॅक्युम क्लीनर लावल्याने, आणि ते पुण्यातलं चकाचक ऑफिस होतं.

पोरांचे पैसे ज्यावर अवलंबून आहेत ते भाड्याच्या सर्व्हरवर ठेवा. दोनशेत बसणार नाही कदाचित, थोडं वर जाईल. ते काकूंकडून घ्या. एका डब्यापेक्षा स्वस्त पडेल त्यांना.

यवतेश्वर_घाट

कळवायचं राहिलं. मूळ बॉडी घेतली आणि सही पहिल्या झटक्यात जुळली. रीप्लेच्या बटणावर रविवारी दुपारी चोवीसदा तीच वेबहूक सोडली, जेवायलाही उठलो नाही. ताई, इव्हेंट आयडीचं तुम्ही सांगितलं नसतंत तर त्या एका पोराचे दोन वर्षांचे पैसे भरून झाले असते.

काकूंसाठी नावाचा टनेल लावला, मेसचं नाव असलेला. खऱ्या यादीऐवजी भाज्यांची नावं टाकलीत: कुमार वांगे, कुमार दोडके, कुमारी मेथी. प्लगचं विचारलं तर काकू म्हणाल्या, तीनच आहेत आणि एक जळका आहे. सर्व्हरच्या भाड्याला तयार झाल्या.

काल लॅपटॉप उघडा ठेवून, चार्जर लावून, मगच लिंक पाठवली. चाचणीचं एक पेमेंटही केलं, दोडक्याच्या नावाने. पाच मिनिटांत काकूंचा फोन. आवाज एकदम बारीक.

"अरे, या पोराने दोन लाख ऐंशी हजार कसले भरले?"

रेझरपे रक्कम पैशांत पाठवतं. शंभराने भागायचं राहिलं होतं.

कमांडलाइन_करंट

दोडक्याला वर्षभर बसून जेवू घाला म्हणावं.

निवृत्त_सिसॅडमिन

वर्षभर नाही रे, शंभर महिने. आठ वर्षं चार महिने. इंजिनिअरिंगला लागतात कधी कधी.